मिसेस डिसा आणि मंथरा

पूर्वी मराठी घरांत एखादी सासू फार कडक निघाली की बायका आपसांत हळूच म्हणायच्या, "अगं, अगदी ललिता पवार आहे." त्यापुढे काही सांगावं लागत नसे. उंबरठ्यावर उभ्या सुनेला नखशिखांत न्याहाळणारी ती नजर, किंचित बारीक झालेला डावा डोळा, वाक्य संपलं तरी कानात राहणारा तो टोमणा, सगळं ऐकणारीच्या डोळ्यांपुढे उभं राहायचं. आमच्या वाड्यात माझ्या एका आत्याला तर लोक तिच्या तोंडावर असं म्हणत. तिला राग यायचा नाही. उलट ती जरा ताठ बसायची. तेव्हा मला त्याचं नवल वाटे. आज वाटतं, आत्याने ललिता पवारांचे सिनेमे आमच्यापेक्षा नीट पाहिले होते.

पडद्यावरच्या बायकांची एक वाटणी आपल्या मनात पक्की झालेली असते. दुर्गा खोटे म्हणजे राजघराण्याचा रुबाब, सुलोचनाबाई म्हणजे आई, ललिता पवार म्हणजे छळवादी सासू. या वाटणीत ललिताबाईंवर फार अन्याय झाला, असं माझं ठाम मत आहे. दुष्ट बाई त्यांनी उत्तम वठवली यात शंकाच नाही. पण आपल्या पडद्यावर जवळजवळ कुणीच न केलेलं काम त्यांनी केलं ते वेगळंच. तोंडाने फाडफाड बोलणाऱ्या, कुणालाही जवळ न येऊ देणाऱ्या बाईच्या आत माया कशी असते आणि ती बाहेर येताना बाईची कशी अडचण होते, हे त्यांनी दाखवलं. अशा बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पडद्यावर मात्र त्या ललिताबाईंमुळे आल्या.

जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. येवला म्हणजे पैठणीचं गाव आणि वडील लक्ष्मणराव सगुण रेशमाचे व्यापारी. मुलीचं नाव अंबा, तीच पुढची ललिता पवार. पुण्यात तेव्हा आर्यन फिल्म कंपनी मूकपट काढत होती, तिथे ही पोर लहानपणीच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. घरंदाज घरांतल्या मुली सिनेमात काम करायला धजत नव्हत्या तो हा काळ. अंबा मोठी होता होता नायिका झाली. १९३२ साली 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता. वय वर्षं सोळा! पुढे १९३७ मध्ये टॉल्स्टॉयच्या 'रिझरेक्शन'वरून 'दुनिया क्या है' हा बोलपट त्यांनी स्वतः काढला आणि त्यात कामही केलं. त्या वेळी त्या एकवीस वर्षांच्या होत्या. टॉल्स्टॉयची ती कादंबरी म्हणजे एका पुरुषाने नासवलेल्या स्त्रीच्या न्यायाची गोष्ट. एकविसाव्या वर्षी पदरचे पैसे घालून कुठली गोष्ट सांगावीशी वाटते, यावरून माणूस ओळखता येतो. ही बाई केवळ सासूच्या खुर्चीसाठी घडलेली नव्हती.

पुढचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. १९४२ च्या सुमाराला 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात त्यांना एक थप्पड खायची होती. समोर होते भगवानदादा, तेव्हा तरुण आणि तालमीतल्या अंगाचे. थप्पड जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायूचा झटका आला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार लांबले. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा कायमचा लहान राहिला. नायिका म्हणून कारकीर्द तिथेच संपली. वय अवघं सव्वीस.

ही गोष्ट सांगताना लोक हमखास म्हणतात की त्या थपडेनेच ललिता पवार घडवल्या, तो डोळा नसता तर ती खलनायिका मिळाली नसती. मला हे बोलणं सहन होत नाही. थपडेला श्रेय द्यायला मी तयार नाही. लहान झालेला डोळा कुणाचाही असू शकतो. त्याचं काय करायचं हे त्या बाईने ठरवलं. त्यांचे 'क्लोज-अप' नीट पाहा. संशय घ्यायचा असेल तर त्या मान थोडी उजवीकडे वळवतात आणि डावा डोळा पुढे येतो. राग असेल तर उजवा डोळा मोठा होतो, डावा तसाच राहतो, आणि दोन डोळ्यांतल्या त्या फरकाने समोरचा माणूस चळाचळा कापतो. मायेचा प्रसंग आला की त्या दोन्ही डोळे मिटत आणतात, म्हणजे फरकच उरत नाही. हे अपघाताने होत नाही. स्वतःच्या मोडक्या चेहऱ्याचा इतका बारीक अभ्यास करायला काय सोसावं लागलं असेल, याचा विचार केला की गलबलून येतं.

परत आल्या त्या मोठ्या भूमिकेतून. १९४४ चा प्रभातचा 'रामशास्त्री'. गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिताबाई आनंदीबाई. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून जिला मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बोल लावत आला ती आनंदीबाई. तिथून पुढे त्यांच्या वाट्याला आई, मावशी, आत्या, सासू हेच आलं.

यातला अन्याय आकड्यांत दिसतो. १९५२ च्या 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या, आणि दिलीपकुमार त्यांच्याहून सहाच वर्षांनी लहान होते. १९५५ मध्ये 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये त्या मधुबालाची आत्या होत्या. तीन वर्षांनी 'हावडा ब्रिज' आला, त्यात त्याच मधुबालाचे नायक होते अशोककुमार, आणि अशोककुमार ललिताबाईंहून पाच वर्षांनी मोठे! पुरुषांचं वय वाढलं की ते भारदस्त होत आणि बाईने तिशी ओलांडली की ती म्हातारी. ही रीत सगळ्याच नट्यांना भोगावी लागली, ललिताबाईंना ती दुपटीने भोगावी लागली. तरी एखाद्या भूमिकेत त्यांनी मन मारून काम केलंय असं मला कुठे दिसलं नाही. व्ही. शांतारामांच्या 'दहेज'मधली (१९५०) हुंड्यासाठी सुनेला गांजणारी सासू पाहा. ती भूमिका पाहून चीड येते आणि यायलाच हवी. हुंडाबंदीचा कायदा आपल्याकडे आला त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ मध्ये.

'श्री ४२०'मधली केळेवाली हा मला त्यांच्या दुसऱ्या अवताराचा पहिला मोठा उंबरठा वाटतो. अलाहाबादकडून चालत आलेला राज मुंबईत भुकेला उभा आहे आणि समोर ही केळी विकणारी बाई. जीभ तिखट, कष्टाने रापलेला चेहरा, पोटाची चिंता रोजची. घासाघीस होते, बोलाचाली होते, आणि बघता बघता हीच बाई त्याची आई होते. शंभर रुपयांत घर मिळणार म्हणून त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या गरिबांत तीही असते. म्हणून राज फसवायला निघतो तेव्हा तो परक्यांना नव्हे, तिला फसवतोय हे आपल्याला टोचतं. गोष्टीचं नैतिक वजन असं एका फुटपाथवरच्या बाईवर ठेवायचं आणि ती बाई ते पेलेल याची खात्री बाळगायची, हे राज कपूरला ललिताबाईंमुळेच जमलं.

आणि मग १९५९. हृषिकेश मुखर्जींचा 'अनाडी'. मुंबईतली ख्रिस्ती घरमालकीण मिसेस डिसा. भाडेकरू पुन्हा राज कपूर, साधाभोळा चित्रकार, खिशात दमडी नाही. मिसेस डिसा त्याला भाड्यावरून धारेवर धरते. आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. तो गप्प मान खाली घालतो. रागावता रागावताच तिच्या लक्षात येतं की पोराच्या पोटात काही नाही. ललिताबाई इथे चेहरा एकदम मऊ करत नाहीत. दुसरी कुठलीही नटी असती तर डोळ्यांत पाणी आणलं असतं, मागे सतार वाजली असती. यांचा राग तसाच चालू राहतो, आवाजही तोच, फक्त शब्दांचा रोख भाड्यावरून जेवणावर येतो. म्हणजे रागावूनच जेवायला घालायचं. पाटा-वरवंट्यासारखी ही माया, खरखरीत आहे म्हणूनच कामाची. पुढे हीच मिसेस डिसा भेसळीच्या औषधाने मरते, त्या औषधाचा कारखाना नायिकेच्या श्रीमंत काकाचा, आणि आळ येतो भोळ्या राजवर. सिनेमाचा सगळा संताप आपल्या मनात उभा राहतो तो मिसेस डिसा नसल्याच्या पोकळीतून. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. साहाय्यक हा शब्द मला तिथे खटकतो. 'अनाडी'तून मिसेस डिसा काढली तर मागे काय उरेल ते सांगा.

येवल्याच्या सगुणांची मुलगी मुंबईची ख्रिस्ती बाई इतकी सहज कशी झाली? मुंबईत राहिलेल्याला उत्तर ठाऊक असावं. गिरगाव, दादर, बांद्रा इथल्या चाळींत आणि गल्ल्यांत मराठी बाई आणि ख्रिस्ती बाई शेजारी शेजारी राहत आल्या. पोरांना दटावण्याची रीत दोघींची सारखीच. हृषिकेश मुखर्जींनी हे बरोबर ओळखलं आणि त्या बाईला सोडलं नाही. १९६१ मध्ये त्यांनी 'मेमदीदी' काढला. त्यात ललिताबाई जवळजवळ नायिकाच आहेत आणि सोबत जयंत आणि डेव्हिड हे दोघे वस्तीतले दांडगट. त्या दोन धटिंगणांना ही बाई वठणीवर आणते आणि मग ते तिच्यासाठी जीव टाकतात. मग १९७१ मध्ये 'आनंद'. इस्पितळातली मेट्रन. नियमाबाहेर एक शब्द चालायचा नाही, आणि आनंद सगळे नियम मोडायलाच आलेला. त्या मेट्रनचं नाव काय? डिसा. बारा वर्षांपूर्वी 'अनाडी'त मेलेल्या बाईला दिग्दर्शकाने तिच्या आडनावासकट परत आणलं. याहून मोठी दाद एखाद्या नटीला कुणी काय द्यावी! राजेश खन्ना आणि अमिताभ बच्चन यांच्या त्या सिनेमात लोकांना ती मेट्रन आठवते, यातच सगळं आलं.

शम्मी कपूरच्या सिनेमांतल्या ललिताबाईंबद्दल लोक हसून बोलतात. 'जंगली'मधली आई घरात हसायला बंदी करते. 'प्रोफेसर'मधली (१९६२) करडी पालक आपल्या भाच्यांना शिकवायला म्हातारा मास्तरच हवा म्हणते आणि नकली दाढीतल्या शम्मीवर स्वतःच भाळते. सगळं थिएटर तिच्यावर हसलं असणार. मला त्या प्रसंगांत हसू कमी येतं. आयुष्यभर पोरींवर पहारा करत बसलेल्या बाईशी कुणीतरी आदराने बोलतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक लाज येते. सव्विसाव्या वर्षी ज्या चेहऱ्याला नायिका होण्याची बंदी झाली त्याच चेहऱ्यावर ती लाज आहे. ललिताबाईंनी तिथे विनोदाचा ताल सोडला नाही, पण त्या बाईची टिंगलही होऊ दिली नाही.

१९६१ सालीच संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला. त्याच वर्षीच्या 'संपूर्ण रामायण'मध्ये त्या मंथरा झाल्या होत्या. पुढे १९८७ साली रामानंद सागरांचं 'रामायण' दूरदर्शनवर आलं आणि सत्तरी गाठलेल्या ललिताबाई पुन्हा मंथरा झाल्या. रविवारी सकाळी अख्खा देश टीव्हीपुढे बसायचा. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायका मंथरा आली की कडाकडा बोटं मोडायच्या. कुबड, काठी, तो डोळा. पण पुन्हा कधी पाहाल तर तिचा आवाज ऐका. कैकेयीशी बोलताना तो दुष्ट नसतो, दाईचा असतो. माहेराहून जिच्याबरोबर आले त्या पोरीचं सवतीच्या राज्यात काय होईल, ही एक काळजी मंथरेला पोखरते, आणि त्या काळजीने अयोध्या जळते. आनंदीबाई काय, मंथरा काय, आपल्या माणसावरच्या आंधळ्या मायेनेच बिघडलेल्या बायका आहेत. मिसेस डिसाची मायाच चुकीच्या वाटेला लागली तर तिची मंथरा होते. दोघी एकाच नटीने केल्या म्हणून हे मला उमगलं.

२४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात त्या गेल्या. मूकपटापासून दूरदर्शनच्या मालिकेपर्यंत सात दशकं काम, शेकडो सिनेमे.

त्यांना फक्त सासू म्हणून ओळखणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. 'अनाडी' पाहिला नसेल तर आधी तो पाहा, पाहिला असेल तर मिसेस डिसासाठी पुन्हा पाहा. आणि 'मेमदीदी' कुठे मिळाला तर तोही सोडू नका.