झूल शिवायची राहू दे

प्रकल्पाच्या अर्जात ‘सामाजिक लाभ’ असा एक रकाना असतो. किती बायकांना काम मिळेल ते त्यात लिहिलं की अर्ज पुढे सरकतो. लाकडी नंदी घडवणाऱ्या मला तो हिशेब अर्धाच वाटतो. खेळणं कुणाच्या हाती पडेल, ते त्यात येत नाही.

नागपूरकर दुसऱ्या रघुजीराजांनी 1806 साली तान्हा पोळा सुरू केला, असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं नंदी ओढत घरोघर जातात, खाऊ-पैशांचा बोजारा घेतात. म्हणजे हे खेळणं मुळातच चार उंबरे चढणारं. स्पर्धेतल्या थोराड नंदीला बक्षीस मिळो बापडं. तो ओढायला बापच लागतो. मी वीतभर उंचीवर थांबतो. लाकूड आरागिरणीवरचे सागाचे तुकडे. चाकं रुंद, कारण कारंजा-मानोऱ्याकडच्या गावांत गल्लीत खडी फार. चाकाला खिळा नाही, बाभळीची मेख. ती सैल होतेच, पण पोरगं दगडानं परत ठोकतं.

रंगही देत नाही. शिंग तोंडात घालणारं लेकरू घरोघर असतंच. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. सूट बरीच म्हणायची, पण पोटात गेलेला रंग नोंदणी बघत नाही.

झुलीचं जरा अवघड आहे. पोहरादेवीकडच्या तांड्यांवरच्या बायका आरसे-कवड्या लावून अशी झूल शिवतात की नजर हटत नाही. तिचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत. पण ती चढवली की किंमत अशी चढते की नंदी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात जातो आणि तांड्यावरचं पोर बघत राहतं. म्हणून झूल वेगळी विकतो, नंदी उघडाच. मग घरात शोधाशोध होते, जुन्या लुगड्याचा काठ निघतो.

“आजी, याले शेपूट कायचं लावू?”

“आण थे सुतळी.”

गाडीही मी देत नाही. मानेवर जू अडकवायला फक्त खाच ठेवतो. गाडी ज्वारीच्या धांड्याची व्हावी. सालपट सोलायचं, आतला भेंडाचा तुकडा घ्यायचा, त्यात सालपटाच्याच काड्या खुपसायच्या. डिंक लागत नाही. बोट मात्र जपायचं, सालपट ब्लेडसारखं कापतं. पण सोयाबीन आल्यापासून शिवारातली ज्वारी हटत गेली. तुराटी वापरून पाहिली. ती टणक, काडी आत शिरतच नाही. यंदा धुऱ्याकडेला ज्वारीची दोन-तीन तासं पेरली आहेत. कणसं पाखरांनी नेली तरी चालेल, मला धांडे हवेत.