मोटारीची जागा

वारज्यातील आमच्या गल्लीत, घराच्या फाटकालगत, माझी मोटार गेली बारा वर्षे उभी आहे. आठवड्यातून दोनदा ती हलते. उरलेले दिवस धूळ साठविते. तिच्या या स्वस्थ स्वभावाचे मला कौतुकच वाटे. पण मध्यंतरी ती चार दिवस दुरुस्तीला गेली, आणि बारा वर्षे जवळ असून जे तिने मला शिकविले नव्हते ते दूर जाऊन शिकविले.

पहिल्या सायंकाळी कॉलेजातून परतलो, तो तिच्या रिकाम्या जागेत माझी आई खुर्ची टाकून बसलेली! दुसऱ्या दिवशी समोरच्या आजी येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी तेथे भाजी निवडणे सुरू झाले, आणि एक पेन्शनर गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन आले. वारजे 1997 साली पुणे महानगरपालिकेत आले; त्यापूर्वी ते गाव होते, आणि गाव म्हटले की पार आलाच. शहर झाल्यावर उंच इमारती आल्या, वाहने आली. पार कोठे गेला हे मात्र आम्ही कोणी विचारले नाही. आमच्या गल्लीपुरता तो माझ्या मोटारीखाली सापडला.

मी हिशेब केला. एका मोटारीस साधारणतः पाच मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा लागते. म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींत 160 चौरस फुटांच्या खोल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले. जवळजवळ एक बिऱ्हाडच मी सार्वजनिक रस्त्यावर फुकट थाटले होते! आणि 2018 साली महानगरपालिकेने रस्त्यावर वाहने ठेवण्यास शुल्क आकारण्याचे धोरण संमत केले, तेव्हा अन्याय झाला म्हणून तावातावाने बोलणाऱ्यांत मीही होतो.

2005 साली सॅन फ्रान्सिस्को शहरात 'रीबार' नावाच्या कलावंत मंडळींनी मोटारीच्या एका जागेचे रीतसर पैसे भरले, आणि मोटारीऐवजी तेथे हिरवळ, एक बाक व एक झाड मांडले. मुदत संपताच सारे उचलून नेले. चेष्टेसारखी ती गोष्ट. पण 2010 पासून त्या शहराने अशा बैठकांना अधिकृत मान्यता दिली. आपल्या पुण्यातही जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करून बसण्याची सोय झाली, ती महानगरपालिकेने मनावर घेतले म्हणूनच.

पाचव्या दिवशी मी मोटार घेऊन आलो. हॉर्न वाजविला नाही. तरी आई उठलीच. "आली का रे गाडी? चला बाई, उठा आता," असे हसत म्हणून ती खुर्ची उचलू लागली. ऐंशी वर्षांच्या आईला मी लोखंडासाठी जागेवरून उठवीत होतो, आणि तिला त्यात काहीच वावगे वाटत नव्हते! हेच मला अधिक बोचले.

मी मोटार तशीच वळविली आणि दहा मिनिटांच्या वाटेवर भाड्याच्या जागेत नेऊन ठेवली. स्वतःच्या औदार्यावर खूष होऊन रात्री निजलो. सकाळी पाहतो तो फाटकालगत दुसऱ्याच कोणाची मोटार उभी! प्रथम संताप आला, मग हसू आले. एकट्याच्या त्यागाने पार बांधला जात नाही. त्याला गावाचा ठराव लागतो.

त्या ठरावासाठी मी अर्ज लिहिला आहे. पहिली सही त्या नव्या मोटारवाल्याचीच घ्यावी, असा आईचा आग्रह आहे. तिचे म्हणणे असे की, त्याच्याही घरी कोणी म्हातारे माणूस असेलच.