परभाषेतली प्रार्थना

आम्ही पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली माणसे. घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा, असाच आमचा संसार. म्हणूनच फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र वाचताना आमचे लक्ष प्रथम त्यांच्या भाषेकडे जाते.

इंग्लंडात जन्मलेले हे जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे त्यांनी १५८३ मध्ये आपल्या भावाला पत्राने कळविले. साष्टीत धर्मकार्य करता करता त्यांनी कोकणीचे व्याकरण रचले; आणि १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त आपल्या श्रद्धेची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितली.

या कथेला दुसरी बाजूही आहे. त्याच साष्टीत त्यापूर्वी देवळे पाडली गेली होती. ज्यांची जुनी पुराणे सुटली, त्यांच्याच हाती हे नवे पुराण आले. ती वेदना आम्ही विसरू शकत नाही.

तरीही एका गोष्टीपुढे आमची मान लवते. ज्या श्रद्धेसाठी त्यांनी देश सोडला, ती सांगण्यासाठी त्यांनी मायबोलीही बाजूस ठेवली. आमच्या मुलांना ‘शुभंकरोति’ मुखोद्गत आहे. अर्थ विचारला, की ती आमच्या तोंडाकडे पाहतात. एका परदेशीयाने कष्टाने मिळविलेली ही भाषा आम्हांस जन्मतःच लाभली. दिवेलागणीला तिच्यातून देवाशी चार शब्द समजून बोलावेत, एवढे तरी आमच्या घरांतून घडावे.