आगाऊ

धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेला इचलकरंजीचा मुलगा वरची खोली बघून गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. "काका, अकरा महिन्यांचं भाडं एकदमच आगाऊ पाठवू का? दर महिन्याची कटकट नको."

पैसे राहिले बाजूला, मी शब्दातच अडकलो. आमच्या घरी 'आगाऊ' ही शिवी होती; मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणाऱ्याला मिळायची. वेळेआधी आलेलं काहीच आईला मानवत नसे, पाहुणा काय नि पाऊस काय.

अकरा महिने समजतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं वर्षावरचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून सगळे अकरावर थांबतात. पण एकदम? इकडे 'भोग्य'ही चालतं: ठोक रक्कम द्यायची, भाडं नाही, घर सोडताना तेवढीच रक्कम बिनव्याजी परत. मालक ती लेकीच्या लग्नात घालवतो, मग भाडेकरू हलत नाही. मी स्वतःला ओळखून आहे. हे पैसे दिवाळीपर्यंत टिकायचे नाहीत. आणि चौथ्या महिन्यात याची बदली झाली तर?

धारवाडच्या जुन्या घरात कन्नडचे एक मास्तर भाड्यानं राहायचे. दर दोन तारखेला यायचे, नोटा रुमालाच्या घडीत. लगेच द्यायचे नाहीत. आधी चहा, चुरमुऱ्यांचा सुसला, मग कवी बेंद्रे. घरात मराठी बोलणाऱ्या माणसानं कन्नडात लिहून १९७३ चं ज्ञानपीठ मिळवलं, हे मास्तर असं सांगायचे की जणू तो सोहळा आमच्याच ओसरीवर झाला होता. उठताना रुमाल उलगडायचा. वडील पावती लिहायचे. रेव्हेन्यू तिकीट जिभेला लावून चिकटवायचं काम माझं. त्या डिंकाची चव अजून तोंडात आहे.

एका दोन तारखेला मास्तर आले, सुसला खाल्ला, बेंद्रे झाले, रुमालानं तोंड पुसलं आणि गेले. मी तिकीट हातात धरून बसलेला. तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं डोळे वटारले.

मुलाला म्हटलं, दोन महिन्यांचं डिपॉझिट दे, बाकी महिन्याच्या महिन्याला, खाली येऊन.

"का काका, तुमच्याकडे रेंज नाही का?"

रात्री माळ्यावरून जुनं पावतीपुस्तक काढलं. त्या महिन्याची स्थळप्रत नाही. पुढच्या महिन्यात लागोपाठ दोन आहेत, एकाच तारखेच्या, एकाच शाईत.