शांत मजला

आत्याला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं तेव्हा घरात कुणी भांडलं नाही. तिने लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे राहिली. डिमेन्शिया वाढला तशी ती रात्री उठून, साडी नेसून, पर्स काखेत घेऊन शाळेला निघायची. ब्यूरोच्या बाया टिकत नव्हत्या. आम्ही दोघंही नोकरीला, मुलगा बारावीला. तिचं पेन्शन होतं आणि आमची थोडी भर घालायची तयारी होती. पुण्याबाहेर, हायवेपासून जरा आत, एक ठिकाण सगळ्यांना पसंत पडलं.

पसंत पडावं असंच ते होतं. बाग, छोटं देऊळ, लिफ्ट, गेटवर वॉचमन, भिंतीवर आठवड्याचा मेनू, संध्याकाळी भजन. वरच्या मजल्यावर जास्त आजारी माणसं. तिथे आवाज म्हणून नव्हता. व्यवस्थापक कौतुकाने म्हणाले, ‘‘आमचे आजी-आजोबा एकदम शांत असतात.’’ डिपॉझिट भरलं आणि आत्या त्या मजल्यावर गेली.

आत्या म्हणजे शांततेच्या विरुद्ध टोक. मी भेटायला गेलो की नाव आठवायचं नाही, पण ‘‘सतराचा पाढा म्हण’’ हे सुटायचं नाही. चुकलो तर हातावर चापट. काही आठवड्यांनी ती पाढे विचारेनाशी झाली. भर दुपारी डोळे अर्धे मिटलेले, जीभ कोरडी, बोलणं जड. ‘‘आजी आता छान रुळल्या,’’ असं मला सांगण्यात आलं. मी फाइल मागितली. थोडी टाळाटाळ झाली, पण मिळाली. आम्ही दिलेल्या गोळ्यांखाली एक नवी गोळी लिहिलेली होती: क्वेटियापाइन, रात्री एक. ती का सुरू केली आणि कधी थांबवायची, याबद्दल एक ओळही नव्हती.

आमच्या डॉक्टरांनी ते पान पाहून कपाळाला हात लावला. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये क्वेटियापाइनच्या, म्हणजे अँटिसायकोटिक गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिलेला आहे. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल इतका अस्वस्थ असेल, तर थोड्या मात्रेत, थोडे दिवस, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ती देतात. रात्री शाळेला निघणं हे काही तेवढं कारण नव्हे. गुंगीतला माणूस तहान लागली तरी पाणी मागत नाही, झोपेत कूस बदलत नाही, घास नीट गिळत नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘‘पाठ बघून घ्या.’’

दुसऱ्या दिवशी बायकोने आत्याचा गाऊन बदलला. माकडहाडावर लाल चट्टा होता. बोटाने दाबला तरी तो पांढरा पडत नव्हता. बेडसोअरची ती पहिली पायरी. मधोमध तर कातडीही सुटली होती.

रात्रपाळीच्या मावशी बीडकडच्या. आम्ही आवाज चढवला नाही, कदाचित म्हणूनच त्या मोकळेपणी बोलल्या. ‘‘दादा, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी पाच नंतर पाणी कमीच देतो. दिलं की रात्री सगळं ओलं. मी एकटी. आजी उठून चालायल्या, पडल्या, तर माझा पगार कापतेत. गोळी दिली की झोपतेत.’’

त्या मजल्यावर अठरा माणसं होती आणि त्यातली आठ अंथरुणाला खिळलेली. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. नीट वळवायचं, पाठ पुसायची, चादरीची सुरकुती काढायची, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी ठेवायची, तर दहा मिनिटं जातात. आठ जणांची ऐंशी मिनिटं झाली. दोन तासांतली चाळीस उरली. त्यात अठरा जणांचे डायपर, कुणाला संडासला नेणं, कुणाला खोकल्याची उबळ, कुणाची घंटा. शिवाय जड माणूस एकटीला उचलता येत नाही, ओढावा लागतो आणि ओढला की कातडी सोलते. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ, बारा तास. दिवसपाळीची बाई आली नाही तर पुढेही तीच. आत्याने हे उदाहरण फळ्यावर पाहिलं असतं, तर ‘सुटत नाही’ म्हणून खोडून टाकलं असतं. इथे ते रोज रात्री सुटल्यासारखं दाखवलं जात होतं आणि त्याची युक्ती होती गोळी आणि कमी पाणी.

व्यवस्थापकांचं म्हणणं, ‘‘अहो, मावश्या मिळतच नाहीत.’’ यात तथ्य आहे. मात्र त्यांना एका रात्रीचे किती पैसे देता, असं विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. घेऊन जायचं असेल तर महिनाभराची नोटीस द्या, म्हणाले.

कायदा काय म्हणतो, ते मी शोधलं. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा २००७ चा कायदा मुख्यतः मुलांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. निराधार ज्येष्ठांसाठी राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचा एक तरी वृद्धाश्रम काढावा, असं त्यात आहे. पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी आश्रमात रात्री किती माणसं जागी हवीत, हे त्यात नाही. अशा आश्रमांची नोंदणी आणि किमान निकष आणणारं दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा बाद झालं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे आणि छळ होत असेल तर तिथे फोन करावाच. पण ‘मजल्यावर एकच बाई आहे’ ही तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची?

दुसरं ठिकाण शोधताना आम्ही रात्री जेवणं झाल्यावर जायचं ठरवलं. दोन जागांनी वेळ संपल्याचं सांगून गेटवरूनच परत पाठवलं. तिसरीने आत घेतलं. आत गोंगाट होता. एक आजोबा चहासाठी ओरडत होते, दोघी बायका खिडकी उघडी की बंद यावर भांडत होत्या, कुठेतरी रेडिओ चालू होता. मी सिस्टरना विचारलं, ‘‘इथे कुणी पडतं का?’’ आधीच्या आश्रमात याचं उत्तर ‘छे, कधीच नाही’ असं आलं होतं. सिस्टरनी कपाटातून एक वही काढली. कोण पडलं, कुठे, किती वाजता, पायात काय होतं, आदल्या रात्री कुठली गोळी होती, नातेवाइकांना फोन कधी केला, सगळं लिहिलेलं. बरीच माणसं पहाटे चार ते सहाच्या दरम्यान बाथरूमला जाताना पडत होती. वहीतून ते लक्षात आल्यावर त्यांनी वाटेत रात्रीचे दिवे आणि धरायला दांड्या बसवल्या होत्या आणि चार वाजता एक मावशी स्वतःहून प्रत्येकाला विचारत फिरायची.

आत्या तिथे गेली. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी हळूहळू कमी करून बंद केली. एअर बेड, दर दोन तासांनी कूस, रोज अंडं आणि घट्ट वरण यांवर जखम भरली, पण त्याला महिने लागले. ती पुन्हा बडबडू लागली, चालू लागली आणि एकदा पडलीही. मनगट मोडलं. अर्ध्या तासाच्या आत सिस्टरांचा फोन आला. त्या म्हणाल्या, ‘‘फिरू दिलं तर पुन्हा पडू शकतात. बसवून ठेवलं तर पाय जातील. तुमचं काय म्हणणं?’’ असं आम्हाला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. आम्ही म्हटलं, फिरू द्या.

इथे बाग नाही. महिन्याला सहा हजार जास्त पडतात. ते कुठे जातात हे सिस्टरनी सांगितलं: रात्री मजल्यावर तीन बाया, त्यांना आठवड्याची सुट्टी आणि ती सुट्टी भरून काढणारी चौथी. ‘‘येणारे खोल्या बघतात, जेवण बघतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रात्रीचं विचारणारे फार थोडे. विचारत असते, तर सगळ्यांनाच माणसं ठेवावी लागली असती.’’

ओळखीचे लोक आता माझ्याकडे चांगल्या वृद्धाश्रमाचा पत्ता मागतात. मी पत्ता देतो आणि सोबत सांगतो की कुठेही गेलात तरी रात्री जा, पडण्याची वही मागा आणि रात्री किती जण असतात याचं तोंडी उत्तर घेऊ नका, ड्यूटीचा तक्ता दाखवा म्हणावं.