भिंतीवरची ताडाची झाडे

शाळेच्या सहलीत सेवाग्रामची बापूकुटी पाहिली, तेव्हा मातीच्या भिंतीवर उठावाने काढलेली ताडाची झाडे लक्षात राहिली. ती कुणी घडवली, हे विचारण्याचे सुचले नाही. वर्ध्यात वाढूनही उत्तर फार उशिरा कळले: मॅडलिन स्लेड, ब्रिटिश ॲडमिरलची कन्या. आपण त्यांना मीराबेन म्हणून ओळखतो.

१९२५ साली त्या साबरमतीला आल्या. पुढे गांधीजी वर्ध्यात राहत असताना त्यांच्याआधीच त्या जवळच्या शेगावात जाऊन राहिल्या. (हेच आजचे सेवाग्राम. बुलढाण्यातल्या शेगावमुळे टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये नाव बदलले.) गांधीजी तेथे ३० एप्रिल १९३६ रोजी आले. जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभारलेली. नंतर बापू तिथे राहू लागले आणि नाव त्यांचेच रूढ झाले.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या कथा आपण हौसेने वाचतो. परदेशातून येऊन आपल्या मातीत घर लिंपणारी ही बाई मात्र आपल्याला सहलीतही कुणी दाखवली नाही. १९५९ साली त्यांनी भारत सोडला. १९८२ मध्ये ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले.

परवा पुन्हा कुटीत गेलो. या वेळी आधी ती भिंत पाहिली.