मांडव सगळ्यांचा : काही टिपणे

ऊसतोडीला गेलेले कोयते, म्हणजे मजूर जोडपी, मार्च-एप्रिलात गावाकडे परततात आणि बीड जिल्ह्यात लग्नसराईला जोर चढतो. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, जिकडे जावे तिकडे मांडव. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक भरण्यात ज्यांची उमर गेली, त्यांचे गुडघे आणि कंबर साठीच्या आतच जाब विचारू लागतात. त्यामुळे आपल्याकडे जिना चढवत नाही अशी माणसे वऱ्हाडात तुरळक नसतात, घरटी एखादे निघतेच. शिवाय पोलिओची पिढी आहे. देशातला मूळ (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला. त्याच्या कितीतरी आधी, लहानपणी ज्यांचा पाय गेला, ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या भाच्या-पुतण्यांची लग्ने आता निघाली आहेत.

*

“मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर घेऊन यावे,” असा पुकारा होतो. मामांच्या दोन्ही काखांत कुबड्या. समोर तीन-चार फूट उंच स्टेज, त्याला टेकवलेल्या हलत्या फळ्यांच्या पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. मामा खालीच थांबतात, दुसराच कोणी नवरीला वर नेतो. मामांचा मान कोणी हिरावून घेतला नाही, असे सगळे म्हणतील. मला ते पटत नाही. पायऱ्या ठोकणाऱ्या सुताराने तो हिरावून घेतला आणि आपण गप्प बसलो.

*

रॅम्पचा हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तीन फुटी स्टेजला छत्तीस फूट रॅम्प लागेल, तेवढी जागा आपल्या कुठल्या लॉनवर सोडतात? म्हणून स्टेजच फूटभर उंच ठेवायला सांगावे. मांडववाला बारा फुटी उतार सहज करून देतो. रुंदी निदान तीन फूट हवी आणि वर सुळसुळीत कापड नको. तेही जमत नसेल तर अक्षता पडल्यावर नवरा-नवरीने खाली उतरून पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पाया पडावे. त्याला एक पैसा लागत नाही.

*

खुर्चीसकट उचलून वर नेणारी चार पोरे मनाने चांगली असतात. पण उचलल्या जाणाऱ्या माणसाला विचारतो कोण? हजार माणसांसमोर अधांतरी झुलताना खुर्चीतल्या बाईने पदर गच्च धरलेला असतो, आणि समोर मोबाईल वर झालेले असतात. आधी विचारा. ती नको म्हणाली, तर नकोच.

*

अंबाजोगाईची योगेश्वरी आणि परळीचा वैजनाथ यांच्या लग्नाची कथा जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. मुहूर्त टळला, लग्न राहिले आणि वऱ्हाडाचे दगड झाले. हत्तीखान्याची लेणी दाखवून लोक आजही ते सांगतात. मुहूर्ताची अशी कथा जपणाऱ्या जिल्ह्यात पत्रिकेवर १२.३५ छापून अक्षता अडीचला पडाव्यात, याचे वाईट वाटते. पुढारी यायचे असतात, मग सत्कार, मग भाषणे. धडधाकट माणूस तेवढ्यात बाहेर जाऊन चहा पिऊन येतो. सांधे धरलेली आज्जी चाळीस अंशांच्या उन्हात, पत्र्याखाली, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत असते.

*

आणि ती पाणी पीत नाही. हे बायकाच बायकांना सांगतात. संडास मांडवाच्या पार मागे, वाटेत मुरूम आणि जनरेटरच्या वायरी, आत उकिडवे बसायचे. म्हणून सकाळपासून घोटभरही नाही. मेडिकलच्या सामानाच्या दुकानात कमोडची घडीची खुर्ची मिळते, ती भारतीय बैठकीवर ठेवता येते. ती एक खुर्ची, एक उजेडाचा दिवा, हाताला धरायला एक पाइप. डीजेच्या बिलात हे कुठल्या कुठे बसेल.

*

फरशीवर सांडलेल्या अक्षता काठीच्या टोकाखाली गोट्यांसारख्या फिरतात. जेवणाकडे जाणारी वाट आधी झाडून घ्यावी.

*

बुफेत एका हातात ताट, दुसऱ्या हातात काठी. मग वाढून घ्यायचे कशाने? आठ-दहा खुर्च्या-टेबले आणि एक वाढपी राखून ठेवावा. पण ती टेबले कोपऱ्यात लावू नयेत. माणूस लग्नाला येतो तो चार माणसांत बसून जेवायला.

*

“मव्हं काय काम हाय तिथं? आहेर तेवढा पोराच्या हाती देते,” असे म्हणणाऱ्या चुलतीचे मन लग्नातच असते. व्हॉट्सअॅपवर पत्रिका टाकली की तिला निरोप पोचला, असे धरू नये. फोन करून विचारावे : काकू, गाडी कुठवर आणू? कोणाच्या शेजारी बसाल?

*

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोक वापरतात त्या खाजगी इमारतीही येतात. म्हणजे मंगल कार्यालयही आलेच. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ला बजावले आहे. गावातली बरीच लग्ने मात्र सामाजिक सभागृहात, मंदिराच्या सभामंडपात लागतात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. १ मेची ग्रामसभा ऐन लग्नसराईत येते. त्या दिवशी हात वर करून विचारा, आपल्या सभागृहाला उतार आणि कठडा कधी बसणार, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.